पहिल्या शुक्रवारचा आठवडा

महिन्याचा पहिला शुक्रवार जवळ आला की आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीच्या, कार्यालयातली एक वही टेबलावर येते. तिच्यात आजाऱ्यांची यादी असते. ज्यांना चर्चपर्यंत येणं जमत नाही, त्यांच्या घरी त्या दिवशी ख्रिस्तशरीर, म्हणजे उपासनेत पवित्र केलेली भाकर, घेऊन जायचं असतं. कुणी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेलं, कुणी डायलिसिसवर, कुणी खुब्याचं हाड मोडल्यापासून उंबरठा न ओलांडलेलं, कुणी नव्वदी पार केलेलं. नाव, आळी किंवा इमारत, घरातल्या कुणाचा तरी फोन नंबर आणि पुढे एखादा शेरा: ‘ऐकू कमी येतं’, ‘मागच्या दाराने यावे’, ‘गिळता येत नाही’. धर्मगुरूचं काम म्हटलं की लोकांना रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), लग्नं आणि सण आठवतात. माझा आठवडा मात्र या वहीभोवती फिरतो, आणि जुलैचा हा पहिला आठवडा तर सोमवारपासून रविवारपर्यंत तिच्याभोवतीच गेला.

आमचा धर्मग्राम वसईच्या पश्चिम पट्ट्यातला. अर्धी वस्ती वाड्यांमधली: केळी, पानवेली, फुलझाडं आणि त्यांच्यामधून वर आलेले बंगले. उरलेली अर्धी इमारतींमधली. मुंबईत जागा परवडेना म्हणून इकडे आलेले गोवेकर, मंगळुरी, केरळी, तामिळ कॅथलिक तिथे राहतात. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतापासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला, तेव्हापासून ही दुसरी वस्ती वाढतेच आहे. वाडीतल्या घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोलतात, चर्चमध्ये प्रमाण मराठी, आणि इमारतीतल्या लोकांसाठी रविवारी एक मिस्सा इंग्रजीत. एरवी ही माणसं एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. यादीत मात्र ती एकाखाली एक असतात.

सोमवार हा बहुतेक धर्मगुरूंचा सुटीचा वार. सकाळची मिस्सा आटोपली की थोडं वाचन, साठलेली कामं, जवळच्या एखाद्या धर्मगुरू मित्राकडे जेवण. या सोमवारी पहाटेच फोन आला. यादीतले एक काका गेले होते. साधारण आठवडाभरापूर्वी मी त्यांना तैलाभ्यंग दिला होता, कपाळावर आणि दोन्ही हातांवर. हे तेल पवित्र सप्ताहात बिशप आशीर्वादित करतात आणि तिथून ते प्रत्येक धर्मग्रामात येतं. जुन्या माणसांच्या मनात हा संस्कार अजून ‘शेवटचा’ म्हणूनच बसलेला आहे. फादर तेलाची डबी घेऊन आले म्हणजे सगळं संपलं, असं समजून कितीतरी घरं आम्हाला बोलवायला कचरतात. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा मरणाऱ्यांपुरता संस्कार नाही, आजाऱ्यांचा आहे, असं स्पष्ट केलं आणि १९७२ साली त्याचा विधीही नव्याने आला. तरी ती भीती जात नाही. म्हणून मी सांगतो, आजार गंभीर आहे हे कळलं की लगेच बोलवा, मोठं ऑपरेशन असेल तर त्याआधी बोलवा. माणूस शुद्धीत असताना त्याच्या हाताला तेल लावणं आणि त्याने तो हात आपणहून पुढे करणं यात फार मोठा फरक पडतो. काकांनी हात पुढे केला होता.

मुलगा कतारहून रात्रीच्या विमानाने येणार होता, मुलगी कॅनडात अडकलेली. दफन मंगळवारी सकाळी ठरलं. आमच्याकडे पावसाळ्यात दफनभूमीत दोन-तीन फुटांवर पाणी लागतं. कबर खोदणाऱ्यांनी पहाटेपासून मोटर लावून पाणी उपसलं होतं, पण चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही तिथे पोचेपर्यंत तळाला पुन्हा वीतभर पाणी चढलं. पेटी दोरांवरून खाली सोडली तेव्हा ती आधी एका बाजूने टेकली, मग दुसऱ्या. मुलगा ‘थांबा, थांबा’ म्हणाला. पंप परत आणला. लोक छत्र्या धरून तसेच उभे राहिले, बायकांनी ‘नमो मारिया’ ही प्रार्थना धरली, आणि पाणी उतरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग पेटी नीट बसली. आधी मुलाने मूठभर माती टाकली, नंतर गावाने. चिखल झालेली माती मुठीतून सुटत नव्हती, ती बोटांनी सोडवून टाकावी लागत होती.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. काकी ओसरीवर बसल्या होत्या. पाणी दिलं, मुलाच्या सुटीबद्दल बोलल्या, सातव्या दिवसाच्या मिस्सेची वेळ विचारली. मग म्हणाल्या, “फादर, आता मी रविवारी मिस्सेला येईन. चार वर्षं झाली. ह्यांना एकटं टाकून कशी येणार होते?”

काकी मोबाइलवर मिस्सा बघायच्या. आवाज बारीक ठेवून, कारण काकांची झोप मोडायची. दर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर घरी यायचं ते त्यांनाही मिळायचं. पण बाकांवर बसून, शेजारणीशी दोन शब्द बोलून, गाण्यात सूर मिसळून केलेली मिस्सा चार वर्षांत एकही नाही. त्यांचा नवरा आमच्या यादीत होता. त्या नव्हत्या.

संध्याकाळी कार्यालयात मृत्यूची नोंद केली. धर्मग्रामाच्या वह्या हे धर्मगुरूच्या कामातलं मला अतिशय प्रिय काम आहे. बाप्तिस्म्याची नोंद ही माणसाची मुख्य नोंद. पुढे दृढीकरणाचा संस्कार झाला, लग्न झालं, कुणी धर्मगुरू किंवा धर्मभगिनी झालं, तर ते त्याच पानाच्या समासात लिहिलं जातं, लग्न जगाच्या पाठीवर कुठेही लागलं तरी. जुन्या वह्यांत या नोंदी लॅटिनमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये आहेत. शाई तपकिरी पडली आहे, पण अक्षर वाचता येतं. काकांचं पान काढलं. बाप्तिस्मा, समासात दृढीकरण, समासात लग्न. दफनाची नोंद तिच्या वेगळ्या वहीत. चार वर्षं अंथरुणाशेजारी बसलेल्या बाईची नोंद करायला मात्र कुठल्याच वहीत रकाना नाही.

तेवढ्यात डिसेंबरात लग्न करायचं ठरवलेलं जोडपं आलं. मुलगी आमच्याकडची, मुलगा हिंदू, मूळचा साताऱ्याचा. त्याने धर्म बदलायची गरज नाही. बिशपांची परवानगी मात्र लागते, आणि तिने आपली श्रद्धा जपण्याचं व मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी जमेल तेवढं करण्याचं वचन द्यायचं असतं. त्यालाही ते आधी नीट समजावून सांगायचं असतं. दोघांना विवाहपूर्व शिबिराच्या तारखा दिल्या, बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला काढायला सांगितला. मुलाने प्रश्न फार चांगले विचारले. ते दोघे गेल्यावर मी आजाऱ्यांची वही पुढे ओढली आणि शेवटच्या रकान्याशेजारी पट्टीने एक नवी रेघ मारली. वर लिहिलं: ‘सोबत कोण’.

तो रकाना आमच्या सिस्टरांनी भरला. कॉन्व्हेंटमधल्या या धर्मभगिनी आठवडाभर आळीआळीने फिरत असतात. त्यांना वही उघडावी लागली नाही. मी नाव वाचायचो, त्या सांगायच्या: सून. बायको, तिलाही मधुमेह. अविवाहित बहीण. म्हातारी आई. एका घरात डहाणूकडून आलेली वारली मुलगी, आजीचं सगळं तीच करते, घरचे दोघेही नोकरीला. एका ठिकाणी नवरा, रिक्षा चालवायची सोडून दोन वर्षं घरी. पान भरलं तेव्हा समोर दुसरीच यादी उभी राहिली. तीत बहुतेक बायका होत्या.

बुधवारी, ३ जुलैला, संत थॉमसचा सण. भारताचा प्रेषित म्हणून आपल्याकडे तो विशेष. सणांच्या कॅलेंडरच्या १९६९ च्या सुधारणेआधी सबंध चर्चमध्ये हा सण २१ डिसेंबरला यायचा. वसईतल्या सांडोरला तर थॉमसचंच चर्च. त्या दिवशीचं शुभवर्तमान योहानाचं. येशू मरणातून उठला असं ऐकून थॉमस म्हणतो, त्याच्या हातांतल्या खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. त्याला संशयी म्हणून हिणवायची पद्धत आहे, ती मला कधीच पटली नाही. जखमा बघायचा आग्रह धरणारा हा एकटाच शिष्य, आणि ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ हे त्याच्याच तोंडून निघालं. परंपरा सांगते की तो इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला. आमच्या भागाला दुसराही एक थॉमस लाभला आहे, त्याची आठवण फार कमी जणांना असते. इटलीतल्या तोलेंतिनोचा थॉमस, फ्रान्सिस्कन संन्यासी. १३२१ साली ठाण्यात तो आणि त्याचे सोबती मारले गेले. जॉर्डानस नावाच्या डोमिनिकन धर्मगुरूने त्यांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले. सोपारा म्हणजे आमच्या हाकेवरचं नालासोपारा. परक्या मुलखात, भोवती धोका असताना जॉर्डानसने सोबत्यांच्या देहांची हेळसांड होऊ दिली नाही. मंगळवारच्या पावसानंतर ही गोष्ट मी सकाळच्या मिस्सेत सांगितली. संध्याकाळी निरंतर साहाय्य मातेची, म्हणजे मारियेची, नोव्हेना, ठरावीक प्रार्थनांची उपासना. माहीमला १९४८ साली सुरू झालेली बुधवारची नोव्हेना अजूनही आमच्या कितीतरी बायकांना लोकलने तिकडे ओढून नेते. ज्यांना तेवढं जमत नाही त्या इथे येतात. मागण्यांच्या चिठ्ठ्यांच्या पेटीत आजारपणाच्या चिठ्ठ्याच जास्त असतात.

गुरुवारी पवित्र घटिका, म्हणजे तासाभराची प्रार्थना, आणि पापनिवेदन. पहिल्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी रांग मोठी असते. तिथे ऐकलेलं एक अक्षरही बाहेर नेता येत नाही, त्यामुळे गुरुवारबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की मी उशिरापर्यंत बसलो होतो.

शुक्रवारी सहाची मिस्सा आटोपून मी पवित्र मंजुषेतून ख्रिस्तशरीर डबीत घेतलं. ही सोनेरी मुलाम्याची चपटी डबी कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची, वर शर्ट, वर रेनकोट. १९७३ पासून सामान्य भाविकांनाही हे काम करायची परवानगी आहे. आमच्याकडे तसे सेवक-सेविका आहेत आणि रविवारी तेच आजाऱ्यांकडे जातात. पण पहिल्या शुक्रवारी मी स्वतः जातो. पापनिवेदन ऐकायचं असतं, तैलाभ्यंग द्यायचा असतो, आणि माझ्या मते धर्मगुरूने आजाऱ्याची खोली स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीच पाहिजे. धर्मग्रामाच्या पाळकाने कुटुंबं ओळखावीत, त्यांच्या घरी जावं, आजाऱ्यांना आणि मरणासन्नांना साथ द्यावी, हे चर्चच्या कायद्यातही लिहिलेलं आहे. सोबत धर्मगुरूला कामात सल्ला देणाऱ्या पाळकीय मंडळाचे एक सदस्य, त्यांच्याच स्कूटरवर. वाटेत आम्ही बोलत नाही. रस्त्यावर ओळखीचं कुणी भेटलं तरी मी नुसती मान हलवतो. ख्रिस्तशरीर सोबत आहे, हे लोकांना माहीत असतं.

पहिलं घर वाडीतलं. आजी लाल लुगड्यात, पलंगावर उशीला टेकून, सकाळपासून तयार. स्टुलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, वाटीत पाणी आणि अंगणातली दोन सोनचाफ्याची फुलं. हे सगळं मांडायची सवय आता सुनांकडून नातसुनांकडे गेली आहे. ऐंशीच्या पुढच्या या पिढीने मुलगी असताना मिस्सा लॅटिनमध्ये ऐकलेली. व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेची वाट मोकळी केली तेव्हा या तरुण होत्या. मी ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ म्हटलं की आजी मराठीत उत्तर देतात आणि लगेच हलक्या आवाजात ‘एत कुम स्पिरितु तुओ’ जोडतात. मी थांबतो. ते झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे आमच्यात ठरलेलं आहे.

दुसरं घर कोळीवाड्यात. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेला माणूस, एकेकाळी स्वतःची बोट असलेला. घास घशात अडकतो म्हणून मी ख्रिस्तशरीराचा अगदी कणभर तुकडा मोडून चमच्यात थोड्या पाण्यासोबत देतो. बायको मागून मान धरते, हनुवटी खाली ठेवते. स्पीच थेरपिस्टने तिला शिकवलं आहे, मान मागे गेली की ठसका लागतो. गिळलं की तो डाव्या हाताचा अंगठा वर करतो. मग आम्ही सगळे ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणतो. त्याचे शब्द निघत नाहीत, पण चाल निघते.

वहीत तिसऱ्या घरासमोर शेरा होता: ‘गिळता येत नाही’. सासरे, नाकातून नळी. त्यांना ख्रिस्तशरीर देता येत नाही. इतर काही जणांना द्राक्षारसाचा थेंब देता येतो, कायद्यात तशी सोय आहे, पण इथे डॉक्टरांनी तोंडावाटे थेंबही नको म्हणून बजावलेलं. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, कपाळाला क्रूसाची खूण केली. सून पायाशी उभी होती. पहाटे चारपासून तिचं चक्र सुरू होतं: नळीवाटे खाणं, दोन-दोन तासांनी कूस बदलणं, लंगोट, औषधं, मुलीचा डबा. मी निघायला वळलो तेव्हा तिने विचारलं, “फादर, मला मिळेल का? मी आत्ताच चहा घेतलाय.”

ख्रिस्तशरीर घेण्याआधी तासभर उपवास करायचा असतो, म्हणून तिला संकोच. मी तिला सांगितलं की हा नियम वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. हे माझ्या मनाचं नव्हे. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत, ९१९ व्या कलमात, आजाऱ्यांच्या जोडीने त्यांची काळजी घेणाऱ्यांचाही उल्लेख आहे. कायदा लिहिणाऱ्यांना ती चार वाजता उठणारी बाई दिसली होती. तिने पदर सावरून हात पुढे केले. हातांना डेटॉलचा वास येत होता. नंतर ती भिंतीशी गुडघ्यावर बसली. तेवढा वेळ सासऱ्यांकडे लक्ष ठेवायला मी पलंगाशेजारची खुर्ची घेतली आणि बसून राहिलो. यादीतली पुढची घरं त्यामुळे मागे पडली, पण त्या खुर्चीवरच मला रविवारी काय करायचं ते नक्की सुचलं.

वारली मुलगी आहे त्या घरी आजींना गाढ झोप लागलेली. मुलीने मेणबत्ती लावली होती. ती आमच्या धर्माची नाही, पण कुठली वस्तू कुठे ठेवायची हे तिला घरच्यांपेक्षा चांगलं ठाऊक. मी विचारलं, सुटी कधी असते? म्हणाली, गावच्या लग्नाला गेले होते, मे महिन्यात.

शेवटचं घर रेल्वेच्या पलीकडे, पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. चाळिशीचा मुलगा, अपघातात कण्याला मार बसून कमरेखाली हालचाल नाही. सेवा करायला सत्तरीपुढची आई. दोघेही मंगळुरी, कोकणीत बोलतात, माझ्याशी इंग्रजी-हिंदीत. आईची उंची मुलाच्या खांद्याएवढीही नाही. त्याला पलंगावरून खुर्चीत कसं बसवते ते तिने दाखवलं: चादर गुंडाळून, पलंगाच्या कडेला आपला गुडघा लावून, त्याच्या हातांनी खिडकीचा गज धरून. मुलगा संगणकावर हिशेबाची कामं करतो, घर त्यावर चालतं. तो म्हणाला, “फादर, माझं ठीक आहे. ममीला एकदा तरी बाहेर पाठवा.”

शनिवारी धर्मशिक्षणाचे वर्ग, एक बाप्तिस्मा, आणि प्रवचन. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात, यंदा ब वर्ष. दुसरं वाचन संत पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातलं. देहात रुतलेला काटा काढून टाक म्हणून तो प्रभूला तीनदा विनवतो आणि उत्तर मिळतं, माझी कृपा तुला पुरे आहे. या वाचनाची मला नेहमी धास्ती वाटते. ते घाईने सांगितलं तर आजाऱ्याला ‘सोस, देवाची इच्छा आहे’ असं बजावल्यासारखं होतं, आणि तसं सांत्वन करणाऱ्यांना मी आजाऱ्याच्या खोलीत थांबू देत नाही. पौलाने काटा गोड मानला नव्हता, तीनदा मागणं मागितलं होतं. शुभवर्तमान मार्काचं, सहावा अध्याय. येशू आपल्या गावी येतो, गावकरी त्याला सुतार म्हणून ओळखतात आणि झिडकारतात. तिथे तो कसलंही मोठं काम करू शकला नाही, असं मार्क लिहितो, आणि लगेच पुढे जोडतो: थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं. त्या गावातल्या दिवसाचं फलित एवढंच. मी प्रवचन या एका वाक्यावर बांधलं आणि बाकीचं गाळून टाकलं.

रविवारी काकी आल्या होत्या. सातव्या दिवसाची मिस्सा त्याच मिस्सेत धरली होती. प्रवचनात मी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त विचारलं, आत्ता या क्षणी आपल्या धर्मग्रामात कितीजण आजाऱ्याच्या उशाशी बसले आहेत म्हणून इथे नाहीत? आणि सांगितलं की शेवटच्या मिस्सेनंतर पाळकीय मंडळाची बैठक आहे, ज्याला यायचं त्याने यावं.

अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले. माझी मागणी साधी होती: दर रविवारी दोन तास आजाऱ्याजवळ कुणीतरी बसावं, म्हणजे घरची बाई किंवा बुवा मिस्सेला येईल. मिस्सेला यायचं नसेल तर झोपेल, बाजारात जाईल, तिची मर्जी. आक्षेपही खरे होते. एकाने विचारलं, घरात परका माणूस बसवायला लोक तयार होतील का? दुसऱ्याने विचारलं, आमच्या हातून काही बरंवाईट झालं तर? एका तरुणाने मिस्सेच्या थेट प्रक्षेपणासाठी चांगला कॅमेरा घ्यायचं सुचवलं. प्रक्षेपण आम्ही बंद करणार नाही, आजाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. पण काकींनी चार वर्षं ते बघितलंच होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्या आपणहून उठल्या आणि म्हणाल्या, “मोबाइलमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही.”

त्यानंतर चर्चा कामाला लागली. मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्सबाईंनी शिकवायची जबाबदारी घेतली: कूस कशी बदलायची, ठसका लागला तर काय करायचं, नळीला हात का लावायचा नाही. नेहमी दोघांनी मिळून जायचं, त्यातलं एक त्या घराच्या ओळखीचं असलं पाहिजे. औषध कुणी द्यायचं नाही. पुरुष आजाऱ्याकडे पुरुष. गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या लोकांनी फोनची साखळी बनवायचं कबूल केलं. वारली मुलीचं नावही यादीत घ्यायचं का, असा प्रश्न निघाला आणि तीन-चार जण एकदम ‘अर्थातच’ म्हणाले. तिच्या घरी काकी आणि त्यांची शेजारीण जाणार. काकींना मी म्हटलं, अजून महिनाही झाला नाही, तुम्ही थोडं थांबा. त्या म्हणाल्या, घरात बसून काय करू, मला हेच काम येतं.

वाडीतल्या घरांच्या जोड्या अर्ध्या तासात लागल्या. कोळीवाड्याने आपल्या आपण लावून घेतल्या. अडलं ते पूर्वेकडच्या चौथ्या मजल्यावर. त्या बाजूचे बैठकीला दोघेच आले होते आणि दोघांनाही ते मायलेक माहीत नव्हते. त्या इमारतीत बाकी कुणी कॅथलिक नाही. मात्र लिफ्ट बंद असताना सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणि वॉचमनने मिळून त्या मुलाला खुर्चीसकट खाली उतरवून रिक्षात बसवलं होतं, असं आई सांगत होती. मंगळवारी संध्याकाळी सातला मी सेक्रेटरींना भेटायला जातो आहे. बरोबर नर्सबाई आणि त्या बाजूचे ते दोघे येणार आहेत. लिफ्टचा विषयही तिथेच काढायचा आहे.